एकचाकी इलेक्ट्रिक बोर्डवरून ट्रेलवर जाताना: नवख्या चालकांसाठी वाटेचे रीतिरिवाज

ज्याला आपण सर्रास ‘वनव्हील’ म्हणतो, तो एकचाकी इलेक्ट्रिक बोर्ड कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझच्या फ्यूचर मोशन कंपनीने जानेवारी 2014 मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून भांडवल गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर लोकांपुढे आणला. मधोमध एकच जाडजूड टायर, त्याच्या पुढेमागे पाय ठेवण्याच्या फळ्या आणि तोल सांभाळणारी मोटर, एवढाच त्याचा पसारा. पुढे झुकले की तो पुढे जातो, मागे झुकले की मंदावतो. मातीच्या वाटेवरही तो इतका सहज चालतो की शिकून आठवडा होतो न होतो तोच नव्या चालकाला डोंगरातल्या ट्रेलची ओढ लागते. हा लेख त्या चालकासाठी आहे. मी कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, राहतो आणि इथल्याच वाटांवर शिकलो, त्यामुळे बहुतेक उदाहरणे इथली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक सूचना तिच्यातून निघते. आपल्या बोर्डाचा आवाज जवळजवळ होत नाही, आणि तो जागच्या जागी थांबतही नाही. सायकल मागून येत असेल तर साखळीची खडखड ऐकू येते आणि सायकलस्वाराच्या बोटाखाली ब्रेक असतो. पायी चालणारा तर एका पावलात थांबतो. आपल्याला थांबण्यासाठी शरीराचा भार मागे न्यावा लागतो आणि त्याला काही फूट जागा लागतेच. म्हणून समोरच्याला आपली चाहूल लागण्याची वाट न पाहता वेग आधीच उतरवणे, हे आपले काम आहे.

पहिली पायरी: ही वाट आपल्यासाठी खुली आहे का, ते घरीच पाहा

नव्या चालकांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. पाटीवर सायकलचे चित्र दिसले की आपल्यालाही परवानगी आहे, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या सार्वजनिक जमिनींवर मुख्य प्रश्न चाके किती हा नसून मोटर आहे की नाही हा असतो. आपल्या बोर्डाला मोटर आहे. ती विजेची आहे, धूर सोडत नाही, हे सगळे खरे असले तरी ‘नो मोटराइज्ड व्हेइकल्स’ अशी पाटी आपल्यालाही लागू पडते. ‘ई-बाइकला परवानगी’ ही पाटीसुद्धा आपली नव्हे. ई-बाइकची व्याख्या पॅडल असलेल्या वाहनाची असते आणि त्या व्याख्येत आपण बसत नाही.

राष्ट्रीय वनांमध्ये, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यातल्या जमिनींवर, कोणत्या रस्त्यावर वा ट्रेलवर मोटर असलेली वाहने चालतात हे दाखवणारा ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ फुकट मिळतो. तो उतरवून घ्यावा आणि त्यात नसलेल्या वाटेवर बोर्ड नेऊ नये. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखून ठेवलेल्या क्षेत्रांत तर साध्या सायकलीलाही मज्जाव आहे, तेव्हा तिथे आपला प्रश्नच येत नाही. राष्ट्रीय उद्यानांच्या पायवाटांपासूनही दूर राहावे. काउंटी, शहर आणि प्रादेशिक उद्यानांचे नियम मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच टेकडीच्या दोन उतारांवर दोन वेगळ्या संस्थांची हद्द असू शकते, म्हणून ट्रेलच्या नावाऐवजी जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते शोधावे आणि शंका असल्यास त्या कार्यालयाला सरळ फोन करून विचारावे. उद्यानाचे कर्मचारी अशा फोनने वैतागत नाहीत, उलट विचारल्याचे त्यांना बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2016 पासून अशा बोर्डांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदाही आहे. चालकाचे वय किमान 16 वर्षे हवे, हेल्मेट सक्तीचे आहे आणि ट्रेल, सायकलमार्ग किंवा पदपथ यांवर वेग ताशी 15 मैलांच्या, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरच्या, वर जाता कामा नये. अनेक बोर्ड यापेक्षा वेगाने धावू शकतात. बोर्ड जेवढा धावतो तेवढे धावण्याची आपल्याला मुभा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. राज्याने परवानगी दिली तरी स्थानिक संस्था तिच्या हद्दीतला ट्रेल बंद ठेवू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

शोधल्यावर खुल्या वाटा सापडतात. युटामधल्या मोआबचा स्लिकरॉक ट्रेल हे त्याचे ठळक उदाहरण: 1969 मध्ये ती वाट मोटरसायकलींसाठीच आखली गेली होती आणि आजही मोटर असलेल्या दुचाक्या तिथे चालतात. वाळूच्या दगडावर रंगवलेल्या पांढऱ्या तुटक रेषांवरून जायचे, एवढेच पथ्य तिथे कसोशीने पाळायचे असते. कारण दगडांमधल्या मातीवर काळसर, खडबडीत दिसणारा जो थर असतो, तो सूक्ष्म जीव आणि शेवाळ यांनी विणलेला जिवंत थर आहे. चाकाखाली तो एका क्षणात मोडतो आणि पुन्हा उभा राहायला वर्षानुवर्षे लागतात.

दुसरी पायरी: चालवण्याआधी थांबणे शिका

शिष्टाचाराच्या लेखात हे कशाला, असे वाटेल. पण ज्याला हव्या त्या ठिकाणी उतरता येत नाही, त्याला कोणाला वाट देता येत नाही. बोर्डाच्या पुढच्या फळीखाली दोन भागांचा सेन्सर असतो. वेग अगदी मंद असताना टाच उचलून त्यातला एक भाग मोकळा केला की मोटर सुटते, म्हणजे बंद होते. वेगात असताना मात्र दोन्ही भाग मोकळे झाल्याखेरीज ती सुटत नाही. नवखा चालक घाईघाईने थांबतो, टाच अर्धवट उचलतो, बोर्ड मागे घरंगळतो आणि ज्याला वाट द्यायची त्याच्याच पायांत तो जातो. हे टाळण्यासाठी रिकाम्या पार्किंगमध्ये खडूने रेघ ओढावी आणि ताशी 8 ते 10 मैलांच्या वेगाने येऊन त्या रेघेच्या आत थांबण्याचा सराव करावा. मग हिरवळीवर, मग सुट्या खडीवर, मग सौम्य उतारावर. प्रत्येक ठिकाणी थांबायला किती पावले लागली ते मोजून ठेवावे. उतारावरचा आकडा सपाटीपेक्षा बराच मोठा येतो, आणि ट्रेलवर तोच आकडा कामाचा असतो. दोन्ही बाजूंना उतरण्याचा सरावही करावा, कारण डावीकडे दरी असेल तर आपल्या सवयीची बाजू चालत नाही.

इथेच बोर्डाचा एक स्वभाव समजून घ्यावा. मोटरला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात: पुढे नेणे आणि तोल राखणे. ताकद संपत आली की बोर्ड पुढचे टोक वर उचलून चालकाला मागे ढकलतो, त्याला ‘पुशबॅक’ म्हणतात. तो न जुमानता पुढे झुकत राहिले तर तोल राखायला ताकद उरत नाही आणि टोक जमिनीत जाते, तो ‘नोजडाइव्ह’. उतारावर वेगळीच गोष्ट घडते. ब्रेक लागताना निर्माण होणारी वीज बॅटरीत परत जाते, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिला जायला जागा नसते, म्हणून तिथेही पुशबॅक येतो. ट्रेलची सुरुवातच उताराची असेल तर बॅटरी पूर्ण भरून निघू नये.

सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने वनव्हीलच्या सुमारे 3,00,000 बोर्डांचा रिकॉल, म्हणजे धोक्यामुळे विकलेला माल परत बोलावणे वा दुरुस्त करणे, जाहीर केला. 2019 ते 2021 या काळातल्या चार मृत्यूंचा उल्लेख त्यात आहे आणि त्यांपैकी किमान तिघांनी हेल्मेट घातले नव्हते. त्यानंतर जीटी, पिंट, पिंट एक्स आणि एक्सआर या मॉडेलांसाठी धोक्याच्या वेळी थरथरून सूचना देणारे सॉफ्टवेअर आले. बोर्ड जुना विकत घेतला असेल तर हा बदल झाला आहे की नाही ते पहिल्या दिवशी तपासावे. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड यांवर मी तडजोड करत नाही, तुम्हीही करू नये. अरुंद वाटेवर पडलेला चालक मदतीसाठी थांबलेल्या प्रत्येकाचा दिवस बदलून टाकतो.

तिसरी पायरी: कोणी कोणाला वाट द्यायची

नियम थोडक्यात असा. चाकावरचा माणूस चालणाऱ्यालाही वाट देतो आणि घोड्यालाही. चालणारा घोड्याला वाट देतो. दोघेही चाकांवर असतील तर उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबायचे, कारण चढावर एकदा लय तुटली की पुन्हा सुरुवात करणे कठीण जाते. म्हणजे या सगळ्या उतरंडीत आपण तळाशी आहोत. सायकलस्वारापुढेही, खरे तर, आपणच थांबावे असे माझे मत आहे. तशी सक्ती कुठे लिहिलेली नाही, पण या वाटा राखण्यासाठी, फावडी घेऊन रविवारी राबण्यासाठी सायकलस्वारांच्या संघटना आपल्या कितीतरी आधीपासून झटत आल्या आहेत, आणि आपण तिथे नवे आहोत.

वाट देणे म्हणजे वाटेच्या कडेला जाऊन थांबणे. कडेची झुडपे चिरडत बाजूने निघून जाणे याला वाट देणे म्हणत नाहीत. थांबताना पाय कुठे पडतो ते पाहावे. बे एरियाच्या टेकड्यांत तीन-तीन पानांचे पॉयझन ओक नावाचे झुडूप वाटेच्या अगदी कडेलाच उगवते आणि त्याच्या स्पर्शाने उठणारी खाज आठवडाभर पुरते.

बे एरियातल्या काही मोकळ्या जमिनींवर सायकलींसाठी ताशी 15 मैल आणि कोणाच्या जवळून जाताना ताशी 5 मैल अशी मर्यादा आहे. पाच मैल म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाहून थोडा अधिक वेग. पाटी असो वा नसो, आपण तोच आकडा धरावा.

चौथी पायरी: मागून जाताना

चालणाऱ्याच्या मागून येताना इथे ‘ऑन युअर लेफ्ट’ असे ओरडण्याची पद्धत आहे. मी ती सोडून दिली आहे. ‘लेफ्ट’ हा शब्द कानावर पडताच कित्येक माणसे दचकून नेमकी डावीकडेच सरकतात. आपल्याकडच्या मंडळींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट असते. फ्रीमाँट, सनीव्हेल, कुपर्टिनो या भागांत सकाळी ट्रेलवर फिरणाऱ्यांमध्ये मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेले भारतातले आईवडील बरेच असतात. आयुष्यभर डावीकडून चालण्याची सवय असल्याने ते इथेही नकळत वाटेच्या डाव्या बाजूने चालतात, शेजारी शेजारी चालतात आणि गप्पांत रंगलेले असतात. त्यांच्या डावीकडून सुटण्याचा बेत केला तर धडक ठरलेली. अशा वेळी वीस-पंचवीस फूट मागे असतानाच वेग चालण्याइतका करावा, मोकळ्या आवाजात ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे किंवा मराठी बोलणे कानी आले तर सरळ ‘काका, मागून येतोय, सावकाश’ असे म्हणावे, ते वळून पाहेपर्यंत थांबावे आणि त्यांनी जी बाजू मोकळी केली त्या बाजूने जावे. त्यांनी वळून पाहिलेच नाही तर उतरून चालत पुढे जावे. यात तुमचे अर्धे मिनिट जाते.

छोटी पितळी घंटा पट्ट्याने मनगटाला किंवा पाठपिशवीच्या खांद्याला बांधावी. तिचा आवाज दुरून येतो आणि तो कोणाला धमकावल्यासारखा वाटत नाही. दोन्ही कानांत इयरफोन घालून ट्रेलवर जाऊ नये; आपला आवाज इतरांना येत नाही, तेव्हा निदान त्यांचा आपल्याला यायला हवा.

नागमोडी चालवण्याच्या आनंदाविषयीही बोलले पाहिजे. वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झुलत जाणे, ज्याला ‘कार्व्हिंग’ म्हणतात, हा या बोर्डाचा जीव आहे, हे मला मान्य आहे. पण समोरून येणाऱ्याला आपण कोणत्या बाजूने जाणार हे त्यामुळे अजिबात कळत नाही. माणूस नजरेच्या टप्प्यात आला की झुलणे थांबवून उजव्या कडेने सरळ रेषेत यावे. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच सैल झालेला दिसतो.

पाचवी पायरी: घोडा समोर आला तर

यावर सावकाश लिहितो, कारण इथली चूक एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. माणूस चालताना पाय हलतात, सायकलवर गुडघे वरखाली होतात; या हालचाली त्याच्या ओळखीच्या असतात. बोर्डवरचा माणूस मात्र पाय न हलवता, उभाच्या उभा, आवाज न करता सरकत येतो. हे काय आहे ते घोड्याला उमगत नाही, आणि जे उमगत नाही त्यापासून तो पळतो. पाठीवरचा स्वार अशा वेळी फेकला जातो.

मोटर असलेल्या वाहनांना परवानगी असलेल्या एका फायर रोडवर (अग्निशमनाच्या गाड्यांसाठी राखलेल्या कच्च्या रस्त्यावर) एका रविवारी सकाळी मला समोरून दोन घोडे येताना दिसले. मी साठेक फुटांवर थांबलो, उतरलो, आणि नम्रपणे बाजूला व्हावे म्हणून बोर्ड उचलून छातीशी धरून उभा राहिलो. पुढची तपकिरी घोडी थबकली. तिचे कान माझ्याकडे ताठ झाले, नाकपुड्या फुलल्या, मानेवरची कातडी थरथरू लागली. स्वार बाईंनी आवाज न चढवता मला दोन गोष्टी सांगितल्या: ती वस्तू खाली ठेवा, आणि माझ्याशी बोलत राहा. मी बोर्ड मागच्या गवतात आडवा ठेवला आणि हवेबद्दल, वाटेबद्दल जे सुचेल ते बोलू लागलो. घोडीचा एक कान माझ्या आवाजाकडे वळला, मग दुसरा. तिने ओठ चाटले, मान खाली घेतली आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावरून शांतपणे निघून गेली. छातीशी धरलेल्या बोर्डामुळे मी तिला माणूस वाटलोच नव्हतो. आवाज ऐकल्यावर वाटलो.

त्या दिवसापासून मी हाच क्रम पाळतो. घोडा दिसताच, निदान पन्नास फूट अंतर असताना थांबून उतरावे. बोर्ड बंद करावा, म्हणजे त्याचा दिवाही विझतो. शक्यतो वाटेच्या खालच्या, उताराकडच्या बाजूला उभे राहावे. घोडा बिथरला तर तो चढाकडे पळणे स्वारासाठी कमी धोक्याचे असते, आणि वर उभी असलेली आकृती त्याला झडप घालणाऱ्या श्वापदासारखी भासते. बोर्ड आपल्या मागे जमिनीवर ठेवावा. स्वाराला नमस्कार करून, मी इथे थांबलो तर चालेल का, असे विचारावे आणि त्याने सांगितलेले मुकाट्याने करावे. घोडा पुढे आपल्याच दिशेने जात असेल तर मागून आधी आवाज द्यावा आणि स्वाराने बोलावल्याखेरीज पुढे जाऊ नये. घोडे दूर गेल्याखेरीज बोर्ड सुरू करू नये.

कुत्र्यांचे त्या मानाने सोपे असते. बरीच कुत्री फिरत्या चाकामागे धावतात. थांबले की त्यांचा रस संपतो.

सहावी पायरी: वळणे आणि सोबती

पुढचे दिसत नाही अशा प्रत्येक वळणावर पलीकडे एखादे लहान मूल उभे आहे असे समजून जावे. सरावाच्या वेळी मोजलेली थांबण्याची पावले इथे उपयोगी पडतात: जेवढी वाट डोळ्यांना दिसते तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा. गटाने जाताना पाचाहून अधिक बोर्ड एकत्र नसावेत, दोन बोर्डांत तीन-चार बोर्डांइतके अंतर असावे, आणि पहिल्याने समोरच्याला मागे किती जण आहेत ते बोटांनी दाखवावे किंवा सांगावे. शेवटच्याने ‘मी शेवटचा’ म्हणावे. हे न सांगितल्यामुळे पहिला गेल्यावर वाटेवर परत पाऊल टाकणारा माणूस दुसऱ्या बोर्डापुढे येतो. विसाव्याला थांबताना सर्वांनी वाटेबाहेर, आधीच उघड्या असलेल्या जमिनीवर थांबावे. पडलात तर शुद्धीवर असल्यास आधी वाट मोकळी करावी आणि मग गुडघा पाहावा.

सातवी पायरी: मातीची काळजी

बे एरियात नोव्हेंबर ते मार्च हे पावसाचे दिवस. इथल्या टेकड्यांची चिकणमाती ओली असताना चाकाला लपेटून निघते आणि मागे जी चरी पडते ती उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. पुढचे सहा महिने त्यात प्रत्येकाचा पाय मुरगळतो. वाटेच्या तोंडाशी बुटाची टाच दाबून पाहावी. ठसा खोल उमटला किंवा तळव्याला माती चिकटून आली तर त्या दिवशी डांबरी सायकलमार्गावर जावे. मधेच डबके लागले तर कडेने वळसा घालू नये, कारण असे वळसे घालूनच दोन फुटांची वाट सहा फुटांची होते. बोर्डाच्या विजेच्या भागांना पाणी मानवत नाही, म्हणून बोर्ड हातात घेऊन डबक्यातूनच चालत जावे. एक्सआरचे वजन सुमारे 12 किलो आणि जीटीचे सुमारे 16 किलो असल्याने हे सोपे नाही, पण नव्या चालकाने हे वजन उचलून शंभर पावले चालण्याची तयारी घरूनच करून यावे. बॅटरी संपल्यावरही तेच करावे लागते.

घाटातल्या नागमोडी वळणांना छेद देऊन थेट खाली उतरू नये. पावसाचे पाणी त्याच रेघेने धावते आणि वाट खचते.

शेवटचे काम पार्किंगमध्ये, गाडीचे दार उघडण्याआधी करायचे असते. किनारपट्टीच्या या जंगलांत फायटॉप्थोरा रॅमोरम नावाचा रोगकारक टॅनओक आणि कोस्ट लाइव्ह ओक ही झाडे मारत सुटला आहे. ‘सडन ओक डेथ’ नावाने हा रोग 1990 च्या दशकाच्या मध्यापासून दिसू लागला, आणि ओल्या मातीबरोबर तो बुटांवरून आणि टायरवरून एका रानातून दुसऱ्या रानात जातो. माझ्या गाडीत एक कडक केसांचा जुना ब्रश कायम असतो. टायर हाताने सावकाश फिरवत खाचांमधली माती, त्यात अडकलेली पाने आणि यलो स्टारथिसल या तणाचे काटेरी तुकडे मी तिथेच खरवडून काढतो, मग बुटांचे तळवे घासतो आणि त्यानंतरच बोर्ड डिकीत ठेवतो.